दवाखान्याचा वाटा

दांडखोलच्या कोळीवाड्यात दार वाजवायची पद्धत नाही. मुळात दारं लावायचीच पद्धत नाही. ज्याला काम असेल त्याने अंगणातून हाक मारावी, ज्याला काम नसेल त्याने सरळ आत येऊन चुलीपाशी बसावं. त्यामुळे त्या सकाळी ठमाबाईच्या उघड्या दाराच्या फळीवर कोणीतरी बोटांनी टकटक केलं, तेव्हा तिने मान वर न करता तव्यावरची भाकरी आधी नीट उलटली आणि मग सुनेला म्हणाली, "राही, सरकार आलं गो. बसायला घोंगडी टाक. नको, तू उठू नको. सरकारला उभं राहायची सवय हाय."

राही भिंतीला पाठ टेकून लसूण सोलत होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दर दोन पाकळ्यांमागे कमरेवर हात दाबायची आणि सासूचं लक्ष नाही असं बघून डोळे मिटून घ्यायची. सासूचं लक्ष तेवढ्यावरच होतं. मुलगा चंदर एका तांडेलाच्या होडीवर खलाशी म्हणून गेलेला, तो पुढल्या भरतीशिवाय परतायचा नव्हता. घरात दोघीच, पोटातलं धरलं तर अडीच.

दारात टिपणीस साहेब उभे होते, बूट हातात आणि पाय घोट्यापर्यंत खाडीच्या चिखलात. हे विस्तार अधिकारी. पूर्वी लोकल बोर्ड होतं तेव्हाही तेच यायचे. मग बोर्ड गेलं, जिल्हा परिषद आली, भाषणं बदलली, टोप्या बदलल्या, पण साहेब तेच आणि छत्रीही तीच. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नेमकी तीच त्यांची नोकरी होती.

"ठमाबाई, आनंदाची बातमी आहे. आपल्या दवाखान्याचं आज उद्घाटन!"

"आज? तुमी तर होळीच्या आसपास म्हनलं व्हतं."

"परिषदेच्या अध्यक्षसाहेबांचा श्रीवर्धनला दुसरा कार्यक्रम आहे. मध्ये थोडा वेळ रिकामा होता, तेव्हा म्हटलं..."

"म्हंजे चहा आनि जेवन, त्यांच्या मधी आमाला बसवलं."

टिपणीस हसले. सरकारी माणसाला हसण्याचं फार काम पडतं.

"आनि नर्सबाई? ती संगतीच येनार ना?"

टिपणिसांनी बूट या हातातून त्या हातात घेतले. "पद मंजुरीच्या वाटेवर आहे."

"मागल्या शिमग्याला बी वाटंवरच व्हतं. लंगडं हाय का काय ते पद?"

राही तोंडाला पदर लावून हसली आणि हसताना कळ आली म्हणून पुन्हा कमरेला हात लावला. ठमाबाईने ते पाहिलं. भाकरी पालथी घातली. थोडी करपली.

"आणि एक काम होतं," टिपणीस म्हणाले. "दवाखान्याच्या व्हरांड्यातला तो जवळा आजच्या दिवस उचलायला सांगा ना गावाला. फीत कापताना बरं दिसत नाही."

वाळत घातलेल्या बारीक कोळंबीचा हा जवळा एक वर्षाचा होता, म्हणजे जवळा नवा, वाळत घालण्याची प्रथा एक वर्षाची. दवाखान्याची इमारत बांधून होऊन वर्ष झालं होतं. दाराला कुलूप आणि त्याची चावी अलिबागला. एवढा मोठा, उन्हाचा, सारवायलाही न लागणारा सिमेंटचा व्हरांडा नुसता पडून राहिलेला पाहवेना, म्हणून गावाने त्यावर जवळा पसरायला सुरुवात केली. त्या वर्षात दवाखान्याने गावाचं जे काही भलं केलं ते एवढंच. दांडखोलचा जवळा तळे गावच्या बाजारात नाव कमावून होता: खडा नाही, वाळू नाही. सरकारी फरशीची बात निराळी.

"हार तुम्ही घालायचा, असं ठरलंय," टिपणीस निघता निघता म्हणाले. "आणि दोन शब्द बोलायचे. फक्त आभाराचे हं. मागणीबिगणी नको. उद्घाटनाला मागणी शोभत नाही."

"मंग कशाला शोभते?"

"त्यासाठी अर्ज असतो, ठमाबाई."

ते गेले. ठमाबाईने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, चांगली राहीला दिली, आणि बाहेर येऊन खाडीकडे बघितलं. पाणी उतरायला लागलं होतं.

हा दवाखाना कसा झाला, ते सांगायला हवं. कारण आज भाषणात जे सांगितलं जाणार होतं, ते याहून बरंच वेगळं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, टिपणीस अजून लोकल बोर्डाचे होते तेव्हा, गावदेवीच्या पारावर सभा भरली होती. नव्या स्वतंत्र देशात खेडोपाडी दवाखाने निघणार होते. योजना सोपी होती. गावाने आधी आपल्या हिश्श्याची वर्गणी भरायची, की मग सरकार आपला हिस्सा घालणार.

"आधी?" तांडेल बुधाजीने विचारलं. बुधाजी म्हणजे गावातला शहाणा माणूस. पुढे सरपंच झाला, यावरूनच काय ते समजावं. "आधी पैसं? दुखन्याच्या आधी?"

"हो. म्हणजे आजारी पडाल तेव्हा दवाखाना तयार असेल."

कोळ्याचा देवाशी व्यवहार सरळ असतो. होडी सुखरूप आली, पोराचा ताप उतरला, की मग नवस फेडायचा. आधी गुण, मग नारळ. गुण यायच्या आधी नारळ मागणारा देव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"आमची गावदेवी बी उधारीवर काम करते, सायेब," मनुबाई सुईण मागून म्हणाली. "तुमचं सरकार तिच्याहून मोठं झालं काय?"

सभा हसून उठली. सरकार म्हणे आधी वर्गणी, गाव म्हणे आधी दवाखाना. दोघंही आपापल्या जागी देवासारखे अढळ. असं आणखी काही वर्षं सुखाने चाललं असतं, पण त्याच वर्षी आषाढात ठमाबाईची लेक केसर बाळंतपणाला माहेरी आली.

दांडखोलहून श्रीवर्धनला जायचं तर खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, लागते. भरतीला ती तर एखाद्या राणीसारखी पलीकडे जाते. ओहोटीला चिखलात बसते, आणि पाणी येईपर्यंत बसूनच राहते. केसर अडली तेव्हा मनुबाईने हात टेकले, डोळ्यांनी तिला आधीच कमी दिसत होतं. चौघांनी केसरला झोळीत घालून तरीत ठेवलं. तर खाडीच्या मधोमध पोचली आणि बसली. दोन्ही काठ दिसत होते. पलीकडच्या काठावर श्रीवर्धनचे डॉक्टर वाकणकर स्वतः येऊन उभे राहिलेलेही दिसत होते, त्यांच्या पांढऱ्या टोपीवरून ओळखू येत होते. चिखल कमरेइतका, झोळी घेऊन उतरणारा तिथेच रुतला असता. पाणी आलं तेव्हा पलीकडे न्यायला काही उरलं नव्हतं, ना केसर, ना तिचं पोर.

ठमाबाई महिनाभर बाजाराला गेली नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या, किनाऱ्यावर वाळूत मासळीचे वाटे पडायला लागले. हा होडीचा, हा जाळ्यांचा, हे खलाशांचे, आणि एक मूठभर देवीचा. ती रिकामी पाटी घेऊन वाट्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि बुधाजीला म्हणाली, "बुधाजीदादा, आनि एक वाटा घाल. दवाखान्याचा."

"कुटं हाय दवाखाना?"

"देवी तरी कुटं दिसते? तिचा घालतोस ना?"

शहाण्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो उदार होतो. बुधाजीने देवीच्या वाट्याशेजारी बोंबलांची एक रास लोटली. दुसऱ्या तांडेलाने पाहिलं, त्यानेही लोटली; बुधाजीने घातला आणि आपण घातला नाही असं व्हायला नको.

वर्गणी म्हटल्यावर ज्या गावाच्या कनवटीच्या गाठी सुटत नव्हत्या, तेच गाव वाटा म्हटल्यावर मुकाट्याने देऊ लागलं. त्या राशीला कोणी हात लावत नसे. मासळी नव्हती त्या आठवड्यांतसुद्धा एखादा बांगडा का होईना, देवीच्या शेजारी पडायचा. लहान पोरं त्याला पाय लागला तर वाळूला हात लावून नमस्कार करायची. ठमाबाई ते गोळा करी, खारवी, वलांडीच्या बांबूंवर वाळवी, आणि स्वतःच्या पाटीबरोबर डोक्यावरून बाजाराला नेई. तळ्याच्या बायका भाव पाडायला लागल्या की म्हणे, "बाय, ही दवाखान्याची मासळी हाय. भाव पाडशील तर बाळंतपनात आठवन येईल." दांडखोलची मासळी औषधी असते असा समज तळ्यात तेव्हापासून पसरला. ठमाबाईने तो खोडून काढायचे कष्ट घेतले नाहीत.

टिपणिसांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी फार कौतुक केलं आणि घाबरून गेले. लोकवर्गणीत मासळी कुठे बसवायची, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. सुदैवाने त्यांच्या हाती पडेपर्यंत तिचे पैसे झालेले असत. वास मात्र नोटांना येई. अलिबागच्या कचेरीत म्हणे दांडखोलची वर्गणी डोळे मिटून ओळखत.

हिस्सा पुरा होत आला, तेव्हा श्रीवर्धनचे डॉक्टर वाकणकर स्वतः तरीतून खाडी ओलांडून आले. पारावर बसले, चहा प्यायले, आणि असं काही बोलले की गावाचा त्यांच्यावरचा विश्वासच उडाला.

"इमारतीच्या भानगडीत पडू नका. तिला वर्षं लागतील. तुम्ही एका नर्सबाईला राहायला एक खोली द्या. साधी चालेल. या पैशांतून तिच्या पहिल्या काही महिन्यांचं भागवू, पुढच्या पगाराची खटपट मी वर करतो. बाळंतपण करायला भिंती लागत नाहीत, माणूस लागतं."

गाव एकमेकांकडे बघायला लागलं. इतकी वर्षं वाटा घातला तो काय एका बाईच्या भाकरीसाठी? आणि तीही कुणाच्या तरी पडवीत राहणार? दवाखाना म्हणजे दगडाचं जोतं, कौलं, पाटी. शेजारच्या गावाला दिसला पाहिजे.

सगळ्यांत मोठा आवाज ठमाबाईचा होता. "डाक्टर, आधी देऊळ बांधतात, मंग देव आनतात. देव आनून पडवीत ठेवीत न्हाईत."

बायकांनी माना डोलावल्या. बुधाजी म्हणाला, "बरोबर बोलली." चहाचा कप खाली ठेवताना डॉक्टर वाकणकरांनी क्षणभर खाडीकडे पाहिलं, मग ठमाबाईकडे. ते बघणं तिला तेव्हा आगाऊपणाचं वाटलं होतं.

मग देऊळ बांधलं. अलिबागहून नकाशा आला. तो सगळ्या जिल्ह्याला एकच होता. पालीच्या डोंगराला जो, तोच दांडखोलच्या वाळूला. त्यात तपासणीची खोली होती, औषधांची खोली होती, आणि मागे मोटारगाडीसाठी शेड होती. दांडखोलला रस्ता नव्हता. बैलगाडीदेखील उतारावर सोडून यावी लागे. पण नकाशात शेड होती म्हणून शेड झाली, आणि चांगली भक्कम झाली. नर्सबाईने राहायची खोली मात्र नकाशात नव्हती.

"इमारतीचं खातं वेगळं, माणसांचं खातं वेगळं," टिपणिसांनी समजावलं. "इमारतीच्या पैशातून माणूस ठेवता येत नाही."

"आनि मानसांच्या खात्यात काय हाय?"

"त्या खात्यात यंदा तरतूद नाही."

ठमाबाईला हे समजायला वेळ लागला. होडी बांधणारा माणूस होडीबरोबर खलाशी देत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण होडी बांधून तिला वाळूवर कुलूप घालून ठेवणारा माणूस तिने पाहिला नव्हता. अर्थात बांधणारं एकटं सरकार नव्हतं. ओरडून ओरडून देऊळ मागणाऱ्यांत आपणच पुढे होतो, हे तिला वर्षभर त्या व्हरांड्यात जवळा पसरताना रोज आठवायचं. मग ती जवळा जरा जास्तच जोराने पसरायची.

दुपारी अध्यक्षसाहेब आले. भरती असताना निघायचं ठरलं होतं, पण श्रीवर्धनला हारतुरे लांबले. शेवटी तर काठाजवळच चिखलात बसली, आणि चार खलाशांनी त्यांना खुर्चीसकट उचलून चिखलातून काठावर आणलं. ते हसत होते, पण खुर्चीचे हात घट्ट धरून. मंडप मोटारीच्या शेडमध्ये घातला होता. बांधल्यापासून शेडचा पहिला उपयोग. जवळा उचलला होता, पण वर्षभराचा वास असा एका सकाळी थोडाच जातो? अध्यक्षसाहेबांनी एकदा रुमाल नाकाशी नेला आणि सुज्ञपणे कपाळ पुसलं.

फीत कापली. कुलूप उघडलं. आत टेबल होतं, रिकामं कपाट होतं, आणि भिंतीवर अगोदरच लावलेला संगमरवरी दगड, ज्यावर अध्यक्षसाहेबांचं नाव आणि गेल्या वर्षाची तारीख. सगळ्यांनी तो न वाचल्यासारखं केलं.

अध्यक्षसाहेबांचं भाषण चांगलं झालं. बुधाजीच्या अंगात कोट होता, तो घामाने भिजला. स्वावलंबन, नवा भारत, कष्टाळू कोळी बांधव. "या इमारतीचा एकेक दगड तुमच्या त्यागाची साक्ष देईल," अध्यक्षसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. बायकांत बसलेली मनुबाई शेजारणीला म्हणाली, "दगड साक्षच देनार, बाळंतपन थोडंच करनार," आणि ते पुढच्या दोन रांगांपर्यंत ऐकू गेलं.

ठमाबाईचं लक्ष भाषणाकडे नव्हतं. राही खांबाला टेकून बसली होती. तिच्या ओठांवर घाम होता. मघापासून ती दर थोड्या वेळाने श्वास धरून ठेवत होती आणि सासू बघतेय असं दिसलं की हसत होती. शेडच्या उघड्या बाजूने खाडी दिसत होती. तर तशीच काठाजवळ चिखलात बसलेली, खलाशी तिच्यावर विड्या ओढत. अध्यक्षसाहेबही आता भरतीपर्यंत इथेच अडकलेले होते, पण ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आता ठमाबाई हार घालतील आणि दोन शब्द बोलतील," टिपणीस म्हणाले, आणि तिच्या कानाशी हळूच, "आभाराचे."

तिने हार घातला. शेवंतीचा होता, श्रीवर्धनहून आणलेला. अध्यक्षसाहेबांनी वाकून घेतला, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "मावशी, गावाने सगळी हकीकत मला सांगितली. तुमचा तो दवाखान्याचा वाटा! वा! परिषदेतर्फे तुमचा साडीचोळी देऊन सत्कार करणार आहे मी. शिवाय त्या दगडावर तुमचंही नाव घालू. बोला, आणखी काय हवं?"

'आणखी काय हवं' हे वाक्य मोठी माणसं 'काही नको' हे उत्तर ऐकण्यासाठी बोलतात. टिपणिसांनी डोळे मिटले. बुधाजीने टाळ्यांसाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले.

"साडी नको, सायेब. घरात हायत," ठमाबाई म्हणाली. "दगडावर नाव बी नको. वाटा गावाने घातला, मी नुसता वाळवला. आनि ह्या भिंती माज्याच हट्टाच्या हायत, ते बी खरं. डाक्टर वाकणकर तवाच सांगत व्हते, मी आयकलं न्हाय."

कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"ती माजी सून, खांबाला टेकलेली. तिला कळा लागल्यात. मनुबाईला आता दिसत न्हाय. आनि तर बसलीय, तुमी पन बसलायत." अध्यक्षसाहेबांनी वळून खाडीकडे पाहिलं. तिने पाहू दिलं. "पानी आलं की तुमी पलीकडं जाल. आमाला हितंच राहायचं हाय. माजं एकच मागनं हाय. पानी येताच श्रीवर्धनच्या दवाखान्यातली नर्सबाई ह्याच तरीतून हिकडं धाडा, आनि तिला हितं राहू द्या. माज्या घरातली पुढली खोली मी तिला देते. दार वाजवायची हितं पद्धत न्हाय; रातीबेराती हाक मारली तर तिनं उठावं, येवढंच."